मामी, रेवाने ते पुस्तक वाचलं नव्हतं

थांब मामी, हे आत्ताच सांगायचंय. मामा आणि रेवा खाली बाटल्यांची झाकणं आणायला गेलेत, अर्ध्या तासात येतील, आणि ते आले की मी परत काहीतरी काम काढून बसेन, मला माहितीये. हाताला आंब्याचा रस आहे, टाइप करताना चुका होतायत, होऊ देत.

तू माझं इथे लिहिलेलं सगळं वाचायचीस. मी कुठल्या हॉकर सेंटरला काय खाल्लं, संशोधनाच्या गाइडने मला काय सुनावलं, एमआरटीच्या ट्रेनमध्ये कोण कोणाशी भांडलं, सगळं. आणि खाली तुझी कमेंट ठरलेली, "जेवलीस का?" बाजूच्या खोलीतून. मीही बाजूच्याच खोलीत बसून "हो" असं टाइप करायचे. म्हणून इथेच लिहितेय. दुसरीकडे कुठे लिहू तेही कळत नाहीये.

तर. मागच्या वर्षी याच आठवड्यात रेवाने सोफ्यावर बसून तुला ते कासवाचं पुस्तक अख्खं वाचून दाखवलं ना, ते तिने वाचलं नव्हतं. पाठ केलं होतं. चाळीसच्या चाळीस पानं. आणि ती पाठ करायला मी तिला मदत केली होती. तुझी लेक दहा वर्षांची होती, मी चोवीस. म्हणजे कोणाची चूक ते सांगायला नकोच.

मी तुझ्याकडे आले तेव्हा होस्टेल मिळेपर्यंत दोन महिने राहते म्हणाले होते. त्याला तीन वर्षं झाली. तू मामाला म्हणालीस, "तुझी भाची आहे, मी कशी हाकलू? आणि हाकलली तर चव कोण बघणार?" पहिल्याच मे महिन्यात मी हे सगळं बघितलं आणि हरखून गेले. यिशुनचा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, कॉरिडॉरमध्ये कढीपत्ता, मिरच्या, अळू, आणि एका बादलीत चक्क हळद, आणि आत तुझा बरण्यांचा आठवडा. मराठी ग्रुपवरून हापूसच्या पेट्या यायच्या, अननस यायचे, लिंबं यायची, आणि सोमवार ते शनिवार आपण सगळं बाटल्यांत भरायचो. रस, मुरांबा, लोणचं, आल्याचा पाक. सकाळी आधी देवापुढे दिवा, मग गॅस. पहिली बाटली भरली की ती गणपतीपुढे. बाटल्या उकळून काढायच्या, गरम रस गरम बाटलीत, वर बोटभर जागा सोडायची, झाकण लावून परत पाण्यात उकळायची. मग ओट्यावर ओळीने ठेवून गप्प बसायचं, कारण गार होताना झाकण आत ओढलं जातं आणि टक्‌ असा आवाज येतो. रेवा ते टक्‌ मोजायची. एक जरी कमी आला तरी कुठली बाटली ते तिला बरोबर कळायचं.

तीच तिची शाळा होती. दीड किलो रसाला दोन लिंबं तर साडेचार किलोला किती, पाणी किती वाजता उकळलं, वीस मिनिटांनी किती वाजतील. हिशेबात ती माझ्याहून पुढे. पण लेबल लिहायला घेतलं की अक्षरं जागेवर राहायची नाहीत. मग ती आंब्याचं चित्र काढायची, आणि तू ते तसंच चिकटवायचीस.

शेजारच्या आंटी लिफ्टपाशी भेटल्या की रेवाकडे बघून विचारायच्या, "नॉट स्कूलिंग आह?" आणि तू तितक्याच शांतपणे, "स्कूलिंग, स्कूलिंग. ॲट होम ओन्ली." आंटी म्हणायच्या, "वा, युअर मम्मी व्हेरी स्ट्रिक्ट, इज इट?" आणि एकदा रेवा इथल्या पोरांच्या थाटात म्हणाली, "नो लाह, आंटी, शी मेक मी कट पाइनॅपल." त्या दिवशी तू लिफ्टमध्ये हसून हसून भिंतीला टेकलीस.

मला ते पटत नव्हतं, तुला माहितीये. आपलं भांडणच तेवढं एक होतं. मी म्हणायचे शाळेत घाल, अशा मुलांसाठी वेगळे शिक्षक असतात, घरी ठेवून तू तिचं नुकसान करतेयस. तू म्हणायचीस, एक वर्ष शाळेत घातली होती, रोज संध्याकाळी वहीत शेरा आणि रोज सकाळी पोरीला उलटी. "तिला घाई नाहीये गं मुक्ता. तुम्हाला आहे." तुम्हाला म्हणजे मला, मामाला, पुण्याच्या आजीला, सगळ्यांना. त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची. ते उत्तर अजून द्यायचंच राहिलंय. आता ते तितकं बरोबर वाटत नाही.

आणि चव बघण्याचं. तू कधीच चाखायची नाहीस. चमचा भरून माझ्यापुढे धरायचीस, "बघ गं." मी तुझ्यापुढे केला की तू हाताच्या मागच्या बाजूने हळूच बाजूला सारायचीस. मी विचारलं तर म्हणालीस, पहिली बाटली देवाची, आधी मी कशी उष्टी करू. मला ते खरं वाटलं. पण तू नंतरही खायची नाहीस. जेवताना सगळ्यांच्या वाटीत रस, तुझ्या पानात नाही. मामा म्हणायचा, "तिला उष्ण पडतो." तोही तेच धरून बसला होता.

मग पुलाउ उबीन बेटावरची ती सहल. बोटीतून उतरून आपण सायकली घेतल्या, रेवा आणि मामा पुढे गेले, आणि तुझी चेन पडली म्हणून आपण त्या जुन्या घरापाशी थांबलो. तिथल्या म्हातारबाबांनी झाडाचा आंबा कापून दिला. तू हात जोडून नको म्हणालीस. मी म्हटलं, "मामी, हा काय देवाचा नाहीये, खा की." आणि तू सायकलच्या चेनकडे बघत सांगितलंस. रेवाला शाळेतून काढली त्या वर्षी तू आंबा सोडलास. ती एक अख्खं पुस्तक मोठ्याने स्वतः वाचेल त्या दिवशी खाणार. "मामालापण माहीत नाहीये. तू कोणाला बोलू नकोस. बोललं की नवस राहत नाही."

मी अर्थातच अक्कल पाजळली. म्हटलं, देव काय आंबे मोजत बसलाय का. तू चिडली नाहीस. म्हणालीस, "देव कुठला मोजतोय. मीच मोजते. तिला शिकवताना मला राग येतो गं, फार राग येतो. मग मी आंबा आठवते. मला एवढं साधं फळ खायचं नाही हे जड जातं, तर तिला ते अक्षर किती जड जात असेल."

मामी, हे मी ऐकलं होतं. माझ्या कानांनी. आणि तरी.

मागच्या वर्षीचा बरण्यांचा आठवडा, बुधवार. मामा तांजोंग पगारला ऑफिसात, तू खालच्या बागेतल्या बायकांना मुरांबा द्यायला गेलेलीस, आणि मला म्हणालीस, दहा मिनिटं रेवाला वाचायला घेऊन बस. मी बसले. माझा त्या दिवशी प्रयोग फसला होता, मी आधीच धुमसत होते. रेवा एका ओळीवर अडली. मी सांगितलं. परत अडली. मी परत सांगितलं. पाचव्यांदा ती खिडकीबाहेर बघायला लागली आणि म्हणाली, "लेटर लाह, ताई." आणि मी बोलले. "तुझी आई तुझ्यासाठी चार वर्षं आंबा खात नाहीये, आणि तुला पाच मिनिटं बसता येत नाही?"

जी गोष्ट तू राग गिळायला वापरायचीस, ती मी तिच्या अंगावर फेकली.

ती रडली नाही. विचारत राहिली. कधीपासून? का? कोणाला माहितीये? मी थांबायला हवं होतं, पण मला थांबता येतं का कधी? सगळं सांगून टाकलं. शेवटी तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "सो इफ आय रीड वन होल बुक, शी कॅन ईट?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "तू वाच. फोनवर रेकॉर्ड कर."

मला कळलं होतं ती काय करणार ते. मी स्वतःला सांगितलं, ऐकून ऐकून वाचायला शिकतात मुलं, यात वाईट काय आहे. मी सावकाश वाचलं, पान कुठे उलटायचं तिथे टिचकी वाजवली. टिचकी, मामी. म्हणजे बघ किती कळत होतं मला.

तीन दिवस ती कानात हेडफोन घालून लिंबं पिळत होती. तुला वाटलं गाणी ऐकतेय. आणि शनिवारी दुपारी, शेवटची बाटली ओट्यावर ठेवली तेव्हा ती म्हणाली, "आई, बस. मामा... नाही, बाबा, तू पण बस." घाबरली होती, म्हणून माझ्यासारखं मामाच म्हणून गेली. आणि सुरू झाली. एकदाही अडली नाही. मध्ये एकदा दोन पानं चिकटून एकदम उलटली गेली, चित्रात कासव झोपलेलं आणि रेवा म्हणतेय की ते पोहतंय. मी तुझ्याकडे बघितलं. तू तिच्या शेजारीच होतीस, चष्मा लावून. पुस्तक संपलं तेव्हा तू तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवलास आणि उठून आत गेलीस.

सिंकपाशी उभी राहून तू आंबा खाल्लास. सुरी नाही, ताटली नाही. हाताने मऊ करून, चोखून, रस कोपरापर्यंत, कोय पांढरी होईपर्यंत. मग दुसरा. मामा म्हणाला, "अगं उष्ण पडेल," आणि तू तोंडात कोय धरून त्याला हातानेच गप्प बस म्हणालीस. मी इतकी खुश होते. रेवा दारात उभी राहून तुझ्याकडे बघत होती, निकाल लागायची वाट बघतात ना मुलं, तशी. ते मी बघितलं आणि सोडून दिलं.

त्यानंतर तू तिला रोज अर्धा तास वाचायला घेऊन बसायचं बंद केलंस. आता येतंय तिला, म्हणालीस, आपली आपली वाचू दे. लायब्ररीतून नवी पुस्तकं आणायला लागलीस. आणि ती पुस्तकं घेऊन रेवा माझ्या खोलीत यायची, दार लावून घ्यायची, फोन पुढे करायची. मी अजून सात रेकॉर्ड केली. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी मामीला सांगू. तुझ्यापाशी येऊनही बसले एकदोनदा. तू म्हणालीस, "काय गं, गप्प? बरं नाही का?" आणि मी माझ्या गाइडबद्दल काहीतरी सांगितलं. जगातल्या प्रत्येक माणसाबद्दल बोलले असेन तुझ्याशी, हे सोडून. वर्षभर तिचं खरं वाचन थांबलं. ते तिचं वर्ष मी खाल्लं.

तुला जाऊन पाच आठवडे झाले. त्या दिवसाबद्दल मी लिहिणार नाही.

तू आधीच सांगून ठेवलेल्या पेट्या या सोमवारी आल्या. मामा दारातच त्यांच्याकडे बघत उभा राहिला, म्हणाला, "परत पाठवू?" रेवा म्हणाली, "नो. आई वुड डू." आणि तिने स्वतः दिवा लावला, स्वतः मोठं पातेलं काढलं. मामाने सुट्टी घेतली. त्याला बाटल्या उकळता येत नव्हत्या, चटके बसत होते, आणि रेवा त्याला ओरडत होती, "बाबा, टाँग्स, चिमट्याने, हाताने नाही!" पहिल्यांदा घरात थोडं हसू आलं. पहिली बाटली तिने गणपतीपुढे ठेवली, तू ठेवायचीस तशी, लेबल बाहेरच्या बाजूला.

मंगळवारी रस आटला, मी चमचा भरून तिच्यापुढे धरला. "बघ गं." तिने हाताच्या मागच्या बाजूने तो हळूच बाजूला सारला.

मी म्हटलं, "काय झालं?"

"मी नाही खाणार."

"आज?"

"एव्हर."

खूप विचारल्यावर बोलली. तिने चीट केलं. तिने आईला खोटं वाचून दाखवलं, म्हणून आईने आंबा खाल्ला, म्हणून नवस मोडला, म्हणून आई गेली. अगदी पायरी पायरीने सांगितलं तिने, दीड किलोला दोन लिंबं तर साडेचारला किती, तसं. तू शिकवलेल्या डोक्याने. आणि मी काय म्हणाले? "असं काही नसतं, वेडी." बस. एवढंच. आणि बाटल्या पुसायला लागले.

बुधवारी मी मामाला सगळं सांगितलं. त्याला आधी नवसच कळेना. "उष्ण पडतो म्हणायची मला," असं दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "तिने तुला सांगितलं? मला नाही?" आणि मग, "आणि तू ते त्या पोरीला सांगितलंस." दोन दिवस तो माझ्याशी थेट बोलला नाही. "रेवा, ताईला विचार चहा हवा का." मी तीन फुटांवर बसलेली. रेवा, "ताई, चहा?" मी, "हो." रेवा, "बाबा, हो." मी त्याला दोष देत नाही. त्याने मला जा म्हटलं असतं तर मी गेले असते.

आज सकाळी मी रेवाजवळ जाऊन बसले. ती अननसाचे डोळे काढत होती. म्हटलं, "तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

"ट्यूजडेला पण म्हणालीस."

"नवस मी मोडला. आईने मला सांगितलं होतं, कोणाला बोलू नकोस, बोललं की राहत नाही. मी तुला बोलले. तेव्हाच तो संपला. तू पुस्तक पाठ करायच्या आधीच."

तिने सुरी खाली ठेवली. "तू रागात सांगितलंस."

"हो."

"बिकॉज आय वॉज स्लो."

"हो. आणि ते चूक होतं. तू स्लो आहेस म्हणून नाही, मी..."

"आईला सांगितलंस?"

"नाही."

"व्हाय? तू तर सगळ्यांना सगळं सांगतेस."

मामी, मला असं कोणी कधी बोललं नव्हतं. म्हटलं, "आता कसं सांगू?"

"लिही ना. यू ऑल्वेज राइट." मग परत सुरी उचलली, एक डोळा काढला, आणि म्हणाली, "आणि आंबा तू सोड. मी नाही. तू."

"बरं."

"ज्यूस पण नाही."

"बरं."

"आइसक्रीम, मँगो स्टिकी राइस, सगळं नाही."

"बरं. कधीपर्यंत?"

"मी सांगेन."

मामा ओट्यापाशी पाठ करून उभा होता. वळला नाही. पण म्हणाला, "मुक्ता, चहा ठेवतोय, घेणार ना?" मलाच म्हणाला, रेवाला नाही.

रेवा उठली, पातेल्यात चमचा घातला, फुंकर मारली आणि रस चाखला. डोळे मिटून, बराच वेळ. म्हणाली, "लिंबू कमी." मला चाखून बघता येत नव्हतं. तिने सांगितलं तेवढं पिळलं.

देव आहे का, नवस खरा असतो का, मला माहीत नाही. सोमवारपासून रोज अर्धा तास मी तिच्याबरोबर बसणार, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, एवढं मात्र नक्की. राग येईल. आला की काय करायचं ते तू मला सांगून ठेवलंयस. फक्त एक विचारायचं राहिलं. ती दोन पानं चिकटली तेव्हा तू पाहिलं होतंस का? पाहून खाल्लास? तसं असेल तर मला जरा कमी लाज वाटेल की जास्त, तेही कळत नाहीये. मला माफ कर, मामी. रेवाने लिही म्हटलं म्हणून हे नाही, खरंच कर.

लिफ्टचा आवाज आला, आले वाटतं ते. जे कोणी हे वाचताय, तुम्हाला विचारते. तुमच्या घरात कोणी तुमच्यासाठी असं गुपचूप काही सोडलं होतं का? आणि कोणी विश्वासाने सांगितलेलं तुम्ही नको तिथे, नको त्या वेळी बोलून गेलायत का? त्या माणसाला ते सांगितलंत का कधी, वेळेत? की माझ्यासारखंच झालं?